रोजचा ओमर: नव्या जोडप्याने घरात प्रार्थना कशी बसवावी

लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी अर्धा तास. गीत, शास्त्रपाठ, मनन, दोघांच्या लांब प्रार्थना, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या आठवड्यात रजा संपते आणि अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं होतात. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे, मग एक दिवस दोघंही दमलेले, मग एक भांडण, आणि महिना संपता संपता शोकेसमधल्या पवित्र शास्त्रावर आणि लग्नाच्या अल्बमवर सारखीच धूळ. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, श्रद्धा कमी पडली. श्रद्धा बहुतेक वेळा ठीकच असते. चुकलेलं असतं ते माप.

मापाचा धडा पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. अरण्यात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळाला तो माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दोन लिटरचं भांडं भरेल इतका. सकाळी गोळा करायचा, कारण ऊन चढलं की तो वितळायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवून पाहिला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. एक बारकावा सहसा निसटतो: मान्ना आकाशातून मिळाला तरी कुणाच्या पातेल्यात थेट पडला नाही. उठून, वाकून, वेचावा लागला. देवावर रोज अवलंबून राहणं आणि लग्न रोज जपणं, या दोन्ही गोष्टी अशाच आहेत. साठवता येत नाहीत, आणि वेचल्याशिवाय मिळतही नाहीत. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

माप: बारा मिनिटं

घड्याळ लावून बारा मिनिटं ठरवा. पहिलं मिनिट गप्प बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. मग चार मिनिटं वाचन, दहा ते पंधरा वचनं, मोठ्याने, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. मग दोन मिनिटं बोलणं, तेही एकाच प्रश्नावर: यातलं कोणतं वाक्य लक्षात राहिलं? का राहिलं हे सांगायची सक्ती नाही. मग प्रत्येकी दोन मिनिटं प्रार्थना. शेवटच्या मिनिटात प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', एकत्र.

बाराच का? कारण घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला गायमुखच्या बाजूने ठाणे स्टेशन गाठायला किती वेळ लागेल हे रोज सकाळी नव्याने कळतं. अशा आयुष्यात अर्धा तास हा सुट्टीच्या दिवसाचा आकडा आहे. बारा मिनिटं वाईट दिवशीही निघतात. आणि माप वाईट दिवसावरून ठरवायचं असतं. एखाद्या दिवशी गप्पा रंगल्या, चाळीस मिनिटं झाली, तर छानच. दुसऱ्या दिवशी परत बारा. चाळीसचा नवा नियम केला की चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं.

वेळ कशाला बांधायची

'सकाळी सात' अशी वेळ ठरवू नका. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना बांधा: चहा गाळल्यावर, रात्रीची ओट्याची आवराआवर झाल्यावर, पाणी भरून झाल्यावर. घड्याळातले सात हुकतात, चहा हुकत नाही. कुकर लावायच्या आधी मात्र बसू नका. तिसरी शिट्टी नेमकी 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' पाशी होते.

सकाळ चांगली की रात्र, यावर मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हिरिरीने बोललं जातं. सकाळचा फायदा हा की समोरच्याचा दिवस कसा आहे हे आधी कळतं, आणि आजच्या भाकरीची मागणी आजच्या कामाच्या आधी होते. रात्रीचा फायदा, घाई नसते. तोटा, झोप. एक साधी कसोटी लावा: दोघांपैकी ज्याला पहाटे लवकर बाहेर पडावं लागतं त्याच्या सोयीने वेळ ठरवा. दुसऱ्याने जुळवून घ्यायचं.

शिफ्टचं घर असेल तर हे गणित कोलमडतं. एक जण ऐरोली किंवा महापेला रात्रपाळीवर, दुसऱ्याला सकाळी साडेआठला ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी पकडायची. अशा घरात 'हातबदल' ही वेळ धरा: एक घरात शिरतो आणि दुसरा निघतो त्यामधली दहा-पंधरा मिनिटं. तीही नसतील तर वाचन ज्याने त्याने आपापलं, भाग मात्र तोच, आणि दोघांनी एकमेकांना एका मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा. त्यात फक्त आज तुझ्यासाठी काय मागतोय किंवा मागतेय, एवढंच. हा पर्याय आठवड्यात तीन दिवसांपुरता ठीक. रोजचाच झाला की जोडपं एकमेकांना आकाशवाणीसारखं ऐकू लागतं.

जागा, आणि घरातली मोठी माणसं

वन रूम किचनमध्ये सासू-सासरे हॉलमध्ये झोपत असतील तर प्रार्थना कुठे करायची हा खरा प्रश्न आहे. किचन हे उत्तम उत्तर. ओट्याला टेकून, खाली पाटावर, गॅलरी असेल तर तिथे. गुडघे टेकले पाहिजेत असं काही नाही. एकमेकांचं हळू बोलणं ऐकू येईल इतकं जवळ बसता आलं म्हणजे झालं.

बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत संध्याकाळची प्रार्थना पूर्वापार असते. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन आणि वसईकर कॅथलिक घरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, प्रोटेस्टंट घरांत 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं एखादं गीत आणि शास्त्रपाठ. ती मोडू नका, तिच्यात सामील व्हा. पण ती तुमच्या दोघांच्या बारा मिनिटांच्या जागी धरू नका. सासऱ्यांसमोर सून आपल्या नोकरीची धास्ती सांगणार नाही, आणि आईसमोर मुलगा कर्जाचा आकडा बोलणार नाही. दोघांची वेगळी वेळ हवी ती यासाठीच. मोठ्यांना सांगताना सरळ सांगावं: "आई, आम्ही दहा मिनिटं आत बसतोय प्रार्थनेला." लपूनछपून केलं की गैरसमज होतो, आणि तो प्रार्थनेचा नसतो.

काय वाचायचं

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं, घटना पटापट पुढे सरकतात. रोज पंधरा वचनं धरली तर साधारण दीड महिना पुरतं. त्यानंतर रूथ: चारच अध्याय, नवरे गमावलेल्या दोन बायका आणि शेतात मागे पडलेली कणसं वेचणारी सून. रोजच्या भाकरीवर याहून नेमकी गोष्ट शास्त्रात क्वचितच सापडेल. मग स्तोत्र १२१ ते १३४ रोज एक याप्रमाणे. १३२वं सोडलं तर सगळी आखूड आहेत.

उत्पत्तीपासून सुरू करून वर्षात सबंध शास्त्र संपवायचा बेत नवीन जोडप्याने करू नये. प्रोटेस्टंट शास्त्रात ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनपेक्षा जास्त. बहुतेकांची गाडी लेवीयच्या यज्ञविधींपाशी अडकते आणि मग अपराधी वाटून सगळंच सुटतं. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वाचायचं, हाही प्रकार टाळा. अशाने एखाद्या सकाळी वंशावळ येते, एखाद्या सकाळी शाप, आणि माणूस त्यातून ऑफिसचे शकुन काढू लागतो.

कॅथलिक जोडप्याला आयती सोय आहे. त्या दिवशीच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, शुभवर्तमान घ्यावं. रविवारी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टमध्ये किंवा आपल्या धर्मग्रामात जे ऐकायचं ते आदल्या रात्री घरी वाचलेलं असलं की प्रवचनात डुलकी येत नाही.

एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट असं जोडपं असेल तर पहिली अडचण अगदी शेवटी येते. प्रभूची प्रार्थना 'वाइटापासून सोडव' इथे आली की कॅथलिक 'आमेन' म्हणून डोळे उघडतो, आणि दुसरा 'राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत एकटाच पुढे जातो. दोघांना हसू येतं, कधी कधी राग येतो. आधीच ठरवून टाका: एक दिवस असं, एक दिवस तसं. यावर धर्मशास्त्राचा वाद पहिल्या वर्षात काढू नये.

प्रार्थनेत काय बोलायचं

लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात, म्हणून जरा थांबून बघू.

पहिला नियम: आजचं मागा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीत एका दिवसाची मर्यादा दोनदा आली आहे. 'आमच्या भविष्याला आशीर्वाद दे' ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती ऐकली गेली की नाही हे वीस वर्षांनी कळणार. 'आज तीन वाजता क्लायंटचा कॉल आहे, याला खोटं बोलायची वेळ येऊ देऊ नकोस' याचं उत्तर संध्याकाळी कळतं. अवलंबून राहायची सवय अशा छोट्या मागण्यांनी लागते.

दुसरा नियम: स्वतःचं स्वतः मागायचं नाही, एकमेकांचं मागायचं. आधी विचारा, "आज तुझ्यापुढे काय आहे?" समोरचा दोन गोष्टी सांगेल. तुम्ही त्या दोन गोष्टींसाठी प्रार्थना करा, त्याच शब्दांत, जास्त सजवू नका. नवऱ्याने सांगितलं, "गाडीत गर्दी असते, पाठ दुखतेय," तर बायकोने म्हणावं, "प्रभू, यांची पाठ दुखतेय. आज ठाण्यापर्यंत बसायला जागा मिळू दे, आणि डॉक्टरकडे जायचा कंटाळा करू देऊ नकोस." बस. एवढ्याने लग्नाला जे मिळतं ते लांबलचक विनंत्यांनी मिळत नाही, कारण आपली पाठ दुखते हे कुणीतरी देवाच्या कानावर घातलं, ते आपण स्वतः ऐकलेलं असतं.

तिसरा नियम वरच्या वाक्यातच मोडलेला आहे, पाहा. 'डॉक्टरकडे जायचा कंटाळा करू देऊ नकोस' हे त्याने मागितलं नव्हतं. हा सौम्य टोमणा झाला. पुढची पायरी अशी: "प्रभू, याला आपल्या आईचं ऐकण्याआधी बायकोचंही ऐकायची सुबुद्धी दे." किंवा उलट बाजूने: "हिला पैशाची किंमत कळू दे." देवाचं नाव घेऊन जोडीदाराला सुनावणं हा सर्वांत सोयीचा हल्ला आहे, कारण मध्येच उत्तर देता येत नाही, आणि शेवटी 'आमेन' म्हणावं लागतं. दोन-तीनदा असं झालं की समोरचा प्रार्थनेला बसायचं टाळतो आणि कारण थकव्याचं देतो. म्हणून नियम कडक ठेवा: जोडीदाराबद्दल फक्त त्याने सांगितलेलंच बोलायचं. तक्रार असेल तर ती प्रार्थनेच्या बाहेर, डोळे उघडे ठेवून, सरळ बोलायची.

एक शंभर पानी वही ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि दोघांच्या दोन-दोन गोष्टी. उजवं पान रिकामं, त्यावर काय झालं ते नंतर लिहायचं. 'जागा मिळाली नाही, पण कळव्याला एकाने उठून दिली' असं सुद्धा. फोनमध्ये लिहू नका. लिहायला फोन हातात घेतला की बँकेचा मेसेज दिसतो, आणि मग प्रार्थना बँकेची होते.

भांडणाच्या दिवशी

पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:७) नवऱ्यांना बजावलं आहे की बायकोशी समजुतीने आणि मानाने वागा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. अनुभवी पाळक हे वचन लग्नाआधीच्या समुपदेशनात हमखास काढतात. घरातलं वागणं आणि प्रार्थना यांच्यामध्ये भिंत नाही, असं पेत्र म्हणतो.

तरीही भांडण झालं म्हणून प्रार्थना रद्द करू नका, कमी करा. वाचन नाही, मनन नाही, वही नाही. फक्त प्रभूची प्रार्थना, मोठ्याने, दोघांनी. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे दोघांपैकी एकाचा आवाज अडतो. अडू द्या. हे वाक्य गिळून पुढे जाता येत नाही म्हणूनच आज ते म्हणायचं आहे.

माफी मागायची तर ती गोष्टीचं नाव घेऊन: "तुझ्या भावासमोर तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, ते चुकलं." त्यात 'पण' आला की माफी संपली, खुलासा सुरू झाला. आणि शास्त्रातली वचनं एकमेकांवर फेकायची नाहीत. इफिसकरांस पत्रातलं 'स्त्रियांनो, अधीन असा' नवऱ्याने बायकोला ऐकवायचं नाही. त्याच्या वाट्याला पुढचं, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम करण्याचं, जास्त महाग वाक्य आलेलं आहे. ज्याने त्याने आपल्या नावाचं पत्र वाचावं.

'सूर्य मावळण्याच्या आत राग सोडा' (इफिस ४:२६) याचा अर्थ रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालत बसा असा काही जण घेतात. साडेबाराला दमलेली माणसं शहाणपणाचं बोलत नाहीत. राग वाढवत ठेवू नका हा मुद्दा आहे. "आत्ता सुटत नाहीये, उद्या सकाळी चहाला बोलू, मी सोडून जात नाहीये" एवढं म्हणून झोपा, आणि सकाळी खरंच बोला.

हे सगळं साध्या भांडणाबद्दल. मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोन काढून घेणं, घराबाहेर काढणं याला ही पद्धत लागू नाही. 'सहन कर, प्रार्थना कर' हा सल्ला कुणीही दिला तरी तो चुकीचा आहे. आधी सुरक्षित जागी जा, ११२ वर फोन करा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा ख्रिस्ती घरालाही तसाच लागू आहे.

पैसा

हप्ता पाच तारखेला जातो, तो मान्नासारखा सकाळी आकाशातून भरला जात नाही. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, अर्धा तास हिशेबाला वेगळा काढा: दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) किंवा दान आधी, मग हप्ता, भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, दोन्हीकडच्या आई-वडिलांचं, आणि अडीअडचणीला बाजूला काही. रोजच्या बारा मिनिटांत हिशेब काढायचा नाही.

दान जोडीदाराला न सांगता द्यायचं नाही, ही अट दोघांनी घालून घ्या. 'इतकं पेरा, शंभरपट मिळेल' असं सांगणाऱ्या सभेतून परतताना खातं रिकामं झालेलं असतं, आणि घरी जे पेटतं ते महिनाभर विझत नाही.

शनिवारचं दुप्पट माप

सातवा दिवस विश्रांतीचा, म्हणून सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट गोळा करायचा होता, आणि फक्त तोच दुसऱ्या दिवशी नासला नाही. शनिवारी रात्री तेच करा. रविवारचे कपडे इस्त्री करून, दानाचं पाकीट आणि शास्त्र पिशवीत, नाश्त्याचं ठरलेलं. मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच पाहा. ठाणे ते नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर लोकलवर असला तर कोपरखैरणे किंवा नेरुळहून ठाण्याला उपासनेला येणाऱ्यांना जाताना गाडी मिळते आणि येताना मिळत नाही. वहीची उजवी पानंही याच रात्री भरायची, आणि आठवडाभराचं दोघांनी मिळून वाचायचं.

रविवारबद्दल आणखी एक. नवीन जोडपं उत्साही असतं, म्हणून मंडळीत सगळी कामं त्यांच्याच गळ्यात पडतात: कॉयर, संडे स्कूल, तरुण संघ, घरगुती सभा. आठवड्यातल्या दोनच संध्याकाळी मंडळीच्या कामाला द्या, तिसरी मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. पौलाने तर प्रार्थनेसाठीसुद्धा नवरा-बायकोंनी वेगळं राहायचं ते दोघांच्या संमतीने आणि थोड्या काळापुरतंच, असं लिहिलंय (१ करिंथ ७:५). कॉयरच्या प्रॅक्टिसला याहून मोठी सवलत नाही.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत एकत्र आल्या, आणि त्यांनी १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. यातला 'स्वतःच्या' हा शब्द महत्त्वाचा. जोडीदाराला वाचनाला बसवू नका. तुमची बारा मिनिटं तुम्ही एकट्याने करा, पण प्रश्न तोच विचारा: "आज तुझ्यापुढे काय आहे?" आणि सांगेल ते मागा. तिच्या घरातला गणपती, त्याच्या आईची वारी, यांची चेष्टा प्रार्थनेतही नको आणि प्रार्थनेबाहेरही नको.

खंड पडला तर

पडणारच. बाळंतपण, आजारपण, गावाला जाणं, ऑडिटचा महिना. खंडानंतर लोक हमखास एक चूक करतात: राहिलेला भाग भरून काढायला बसतात. नऊ दिवसांची एकशे पस्तीस वचनं एका रात्रीत. कालचा मान्ना आज वेचायला मिळत नव्हता, जमिनीवर आजचाच असायचा. मार्क जिथे सुटला तिथूनच उघडा. वहीत मधली पानं कोरी सोडू नका, त्याच पानावर एक आडवी रेघ मारा, खाली आजची तारीख टाका आणि विचारा, आज तुझ्यापुढे काय आहे?